दोन पुरेत!

सगळं जग चार सिलिंडरच्या मागे धावत होतं, तेव्हा इटलीतल्या एका इंजिनीअरने दोनच सिलिंडरवर अख्ख्या कंपनीचा डाव लावला. डुकाटीचे ‘डॉक्टर टी’, म्हणजेच फाबिओ ताल्योनी यांची ही गोष्ट.

सुपरबाइक दिसण्याआधी ऐकू येते. २००४ मध्ये ‘धूम’ आला आणि आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात हायाबुसाचा आवाज कायमचा जाऊन बसला. एका सुरात चढत जाणारा, आधी गुणगुणणारा आणि शेवटी थेट किंचाळणारा. हे इनलाइन फोर इंजिन, म्हणजे एका रांगेत शेजारी शेजारी बसवलेले चार सिलिंडर. पण बाइकवेड्यांची दुसरीही एक जमात आहे. त्यांना किंचाळी नको, ठोका हवा असतो. तोही घड्याळासारखा सारख्या अंतराने पडणारा नाही, तर एकदा जवळ, एकदा लांब असा लंगडत पडणारा. हा व्ही-ट्विनचा आवाज. यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे, एकमेकांशी कोन करून बसवलेले दोनच सिलिंडर असतात.

या दोन जमातींचं भांडण पन्नास वर्षं चालू आहे. खरं तर कागदावर त्याचा निकाल केव्हाच लागलाय. समजा, इंजिन ७५० सीसीचं आहे. ते दोन सिलिंडरमध्ये वाटलं तर एकेक पिस्टन मोठा आणि जड होणार. चारांत वाटलं तर पिस्टन छोटे, हलके. हलकी वस्तू जास्त वेगाने वर-खाली करता येते. म्हणजे आरपीएम जास्त, म्हणजे ताकद जास्त. शिवाय चारांतले दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे त्यांचे धक्के एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. मग व्ही-ट्विनच्या प्रेमात पडायचं कशाला? याचं उत्तर कागदापेक्षा ताल्योनींच्या आयुष्यात जास्त चांगलं सापडतं.

लुगोचा मास्तर

फाबिओ ताल्योनी यांचा जन्म १० सप्टेंबर १९२०चा, उत्तर इटलीतल्या लुगो या गावातला. फेरारीच्या गाड्यांवरचा तो उधळलेला काळा घोडा मूळचा याच गावचा. पहिल्या महायुद्धातले वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का लुगोचे, आणि तो घोडा आधी त्यांच्या विमानावर होता. त्या सगळ्या पट्ट्यालाच इंजिनांचं वेड.

ताल्योनींनी बोलोन्यात इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, पण मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि शिक्षण लांबलं. युद्धानंतर पदवी मिळाली. काही काळ त्यांनी टेक्निकल शाळेत शिकवलं आणि त्याच दिवसांत ७५ सीसीचं एक छोटं रेसिंग इंजिन कागदावर उतरवलं. ते चेकातो नावाच्या लहानशा कंपनीने घेतलं. मग मोंडिआल या कंपनीत थोडी वर्षं काढून १ मे १९५४ रोजी ते बोलोन्याच्या डुकाटीत रुजू झाले.

तेव्हाची डुकाटी म्हणजे आजचा लाल रंगाचा ब्रँड नव्हे हं. १९२६ मध्ये कंपनी निघाली ती रेडिओचे पार्ट बनवायला. बोर्गो पानिगाले भागातली तिची फॅक्टरी १९४४ मध्ये बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाली. युद्ध संपल्यावर लोकांकडे पैसे नव्हते, पण सायकली होत्या. म्हणून डुकाटीने सायकलला जोडायचं एक चिमुकलं इंजिन विकायला सुरुवात केली. त्याचं नाव कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू! पुढे कंपनी सरकारच्या ताब्यात होती आणि कामगारांच्या हाताला काम देणं ही तिची मोठी जबाबदारी होती. ताल्योनींना सांगितलं गेलं ते साधं होतं, पण सोपं नव्हतं. शर्यती जिंकायच्या, म्हणजे गाड्या विकल्या जातील.

१९५५ मध्ये इटलीभर रस्त्यांवरून धावणारी मोतोजिरो ही शर्यत डुकाटीने आपल्या गटात जिंकली. ताल्योनींनी बनवलेल्या त्या ९८ सीसीच्या गाडीला लाडाने ‘मारिआन्ना’ म्हणत. डुकाटीचं नाव घरोघरी पोचलं.

स्प्रिंगवर भरवसा नाही

ताल्योनींच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला शब्द म्हणजे डेस्मो. प्रकरण असं आहे. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅम त्यांना दाबून उघडतो आणि स्प्रिंग त्यांना परत बंद करते. तुमच्या-माझ्या गाडीत हेच चालतं. पण इंजिन फारच वेगात फिरलं की स्प्रिंगला तेवढ्या वेळात काम उरकता येत नाही. व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहतो, ताकद पडते आणि कधी कधी पिस्टन येऊन त्यावर आदळतो. मग इंजिन संपलंच. त्या काळच्या स्प्रिंगा तर बऱ्याचदा तुटायच्याही.

ताल्योनींनी ठरवलं, स्प्रिंगवर विसंबायचंच नाही. व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम आणि बंद करायलाही वेगळा कॅम. दार ढकलून उघडायचं आणि ओढून लावायचं, आपोआप लागेल याची वाट बघायची नाही. ही कल्पना जगात नवी नव्हती. मर्सिडीजने त्याच सुमारास ती रेसिंग कारमध्ये वापरली होती. पण मोटरसायकलवर ती यशस्वी करून दाखवली आणि पुढे दुकानात विकायच्या गाडीतही आणली ती ताल्योनींनी.

१९५६ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत १२५ सीसीची पहिली डेस्मो उतरली. जान्नी देग्ली आंतोनी या रायडरने बाकी सगळ्यांना एकेक फेरी मागे टाकून ती जिंकली. काहीच आठवड्यांनी मोंझा ट्रॅकवर सराव करताना हाच रायडर अपघातात गेला. शर्यतीचा धंदा असाच होता. कागदावर रेघ मारणाऱ्याला माहीत असायचं की त्या रेघेवर उद्या कुणीतरी बसणार आहे. काम थांबलं नाही. १९५८ मध्ये त्याच मोंझावर १२५ सीसीच्या गटात पहिल्या पाचही नंबरांवर डुकाटी होत्या.

आधी चारच केले होते

ताल्योनींना चार सिलिंडर जमत नव्हते, म्हणून ते दोनवर अडकले, असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. १९६० नंतर डुकाटीच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांना हार्ली-डेव्हिडसनला टक्कर देणारी, पोलिसांना विकता येईल अशी अवजड गाडी हवी होती. ताल्योनींनी त्यांच्यासाठी १२६० सीसीचं, चार सिलिंडरचं व्ही-फोर इंजिन बनवलं. गाडीचं नाव अपोलो. ताकद इतकी, की त्या काळचे टायर टिकेनात. रबराचे तुकडे उडायला लागले. इंजिनची ताकद कमी करावी तर गाडी नुसतीच जड राहायची. शेवटी अपोलो बाजारात आलीच नाही.

पण धडा राहिला. इंजिनमध्ये किती ताकद आहे हा अर्धाच प्रश्न. ती जमिनीपर्यंत पोचते का, हा उरलेला अर्धा.

१९७०चा मार्च

१९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात होंडाने सीबी ७५० दाखवली आणि १९६९ मध्ये ती विकायला आणली. इनलाइन फोर, बटण दाबून सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक, तेल न गळणारी आणि सामान्य माणसाला परवडेल अशी. ब्रिटिश मोटरसायकल कंपन्या आधीच अडचणीत होत्या, या गाडीने त्यांची झोप उडवली. पाठोपाठ कावासाकीही चार सिलिंडरची ९०० घेऊन उतरली. मोठी बाइक म्हणजे इनलाइन फोर, हे समीकरण पक्कं व्हायला लागलं.

डुकाटीलाही आता मोठी बाइक करायची होती. मार्च १९७० मध्ये ताल्योनी ड्रॉइंग बोर्डवर बसले आणि त्यांनी काढलं ९० अंशांत उघडलेलं व्ही-ट्विन. पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा, मागचा जवळजवळ उभा. काही जण त्याला म्हणूनच ‘एल-ट्विन’ म्हणतात. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंजिन सुरू झालंसुद्धा!

यात नॉस्टॅल्जिया नव्हता, गणित होतं. एक म्हणजे रुंदी. चार सिलिंडर आडवे शेजारी ठेवले की इंजिन रुंद होतं. गाडी वळणात झोपवली की ते आधी जमिनीला टेकायला बघतं, आणि सरळ रस्त्यावर हवाही जास्त अंगावर घेतं. व्ही-ट्विनचे सिलिंडर एकामागे एक. त्यामुळे गाडी जवळपास सिंगल सिलिंडरएवढीच सडपातळ राहते.

दुसरं म्हणजे थरथर. हार्लीचं इंजिन ४५ अंशांचं, ते उभ्या उभ्या हलतं. त्या हलण्याचेही भक्त आहेत, तो भाग वेगळा. पण कोन बरोबर ९० अंशांचा ठेवला की एका पिस्टनचा धक्का क्रँकवरच्या वजनाने आणि दुसऱ्या पिस्टनने जवळपास पुरता सावरला जातो. मोटो गुझी या इटालियन कंपनीने ९० अंशांचं इंजिन आधीच बाजारात आणलं होतं, मात्र त्याचे सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर डोकावायचे. ताल्योनींनी ती व्ही गाडीच्या लांबीत बसवली.

तिसरं कारण फॅक्टरीचं. डुकाटीच्या कारागिरांच्या हातात वर्षानुवर्षं सिंगल सिलिंडरची इंजिनं मुरली होती. तसलेच दोन सिलिंडर एका पोटावर बसवणं त्यांना जमणारं होतं. होंडासारखी हजारोंच्या संख्येने चार सिलिंडरची इंजिनं काढणारी यंत्रसामग्री त्यांच्याकडे नव्हती, आणि होंडाच्याच खेळात होंडाला हरवायला जाणं म्हणजे हसं करून घेणं होतं.

किंमतही मोजावी लागलीच. पुढचा सिलिंडर आडवा असल्याने गाडी लांबलचक झाली. ती वळणात रुळावर धावल्यासारखी स्थिर राहायची, पण झटकन वळायला तयार नसायची. कॅम फिरवायला बेव्हल गिअर आणि उभे शाफ्ट होते, ते प्रत्येक इंजिनमध्ये हाताने जुळवावे लागायचे. दिसायला देखणं, चालायला चोख, बनवायला महाग. हा हिशेब पुढे कंपनीला नडणार होता.

इमोला

२३ एप्रिल १९७२. बोलोन्याजवळच्या इमोला ट्रॅकवर ७५० सीसीच्या गाड्यांची २०० मैलांची शर्यत पहिल्यांदाच होत होती. रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या रेसिंग बाइकची ही लढाई बघायला सत्तर हजारांच्या आसपास लोक जमले. एमव्ही अगुस्टाने चार सिलिंडरची गाडी आणली होती आणि तिच्यावर होते जाकोमो अगोस्तिनी, त्या काळचे बादशहा. शिवाय होंडा, ट्रायम्फ, नॉर्टन, बीएमडब्ल्यू, गुझी असे सगळे.

डुकाटीकडे फॅक्टरीच्या ७५०वरूनच बनवलेल्या, डेस्मो बसवलेल्या व्ही-ट्विन होत्या. मोठ्या सिलिंडरचे व्हॉल्व्हही मोठे आणि जड. तिथे स्प्रिंग आधी हार मानते, म्हणून इथे डेस्मोचा खरा उपयोग होता. एक गाडी घरच्या ब्रूनो स्पाज्जारींकडे, दुसरी इंग्लंडच्या पॉल स्मार्ट यांच्याकडे. स्मार्ट तेव्हा अमेरिकेत शर्यती खेळत होते. डुकाटीचा फोन आला तो त्यांच्या बायकोने घेतला आणि नवऱ्याला न विचारताच होकार देऊन टाकला!

अगोस्तिनींना शर्यत पूर्ण करता आली नाही. शेवटपर्यंत झुंज राहिली ती दोन डुकाटींमध्येच. स्मार्ट पहिले, स्पाज्जारी दुसरे. चार सिलिंडरवाल्या सगळ्या गाड्या मागे. डुकाटीने पुढे याच गाडीवरून ७५० सुपर स्पोर्ट काढली. अवघ्या चारशेच्या आसपास बनल्या, आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी तोंडाला येईल ती किंमत मोजतात.

साहेबांचा हिशेब आणि माइकची टीटी

जिंकणं वेगळं आणि फॅक्टरी चालवणं वेगळं. बेव्हल गिअरची इंजिनं महाग पडत होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यात कंपनीच्या वरच्या लोकांनी रेसिंगला कात्री लावली आणि शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेल्या स्वस्त ‘पॅरलल ट्विन’ गाड्या काढायचा घाट घातला. ताल्योनी त्यापासून लांब राहिले. त्या गाड्या फारशा खपल्या नाहीत.

कंपनीची गाडी रुळावर आली ती एका जुन्या मित्रामुळे. माइक हेलवूड यांनी आपली पहिली ग्रां प्री १९५९ मध्ये ताल्योनींच्याच १२५ डेस्मोवर जिंकली होती. त्यानंतर एमव्ही आणि होंडाच्या चार-चार, सहा-सहा सिलिंडरच्या गाड्यांवर ते जगज्जेते झाले. मग मोटरसायकल सोडून कारच्या शर्यतींत गेले. १९७४ मध्ये तिथे मोठा अपघात झाला आणि पाय कायमचा दुखावला. असा हा माणूस ११ वर्षांनी, वयाच्या ३८व्या वर्षी, ‘आइल ऑफ मॅन टीटी’ खेळायला परत आला. गावांतून, घरांच्या भिंतींना घासून जाणारा सुमारे ६० किलोमीटरचा एक फेरा. हात थरथरला तर संपलं.

१९७८च्या त्या जूनमध्ये हेलवूड यांच्याखाली होती ९०० डुकाटी व्ही-ट्विन. समोर फिल रीड, होंडाच्या चार सिलिंडरवर. रीड आधी सुटले होते. हेलवूड यांनी त्यांना रस्त्यातच गाठलं, आणि पाठलागाच्या दमात रीड यांच्या होंडाने माघार घेतली. हेलवूड जिंकले. चार सिलिंडरची ताकद ज्याला आतून-बाहेरून माहीत होती, त्याच माणसाने दोन सिलिंडरवर हा विजय मिळवला. व्ही-ट्विनची याहून मोठी जाहिरात कुठल्याही एजन्सीला जमली नसती. लाल-हिरव्या रंगातली ‘माइक हेलवूड रेप्लिका’ पुढची काही वर्षं डुकाटीला तगवत राहिली.

जीव लावलेलंही सोडलं

ताल्योनी हट्टी होते, असं सगळे सांगतात. पण त्यांचा हट्ट नेमका कशाचा होता, ते ‘पांता’ या इंजिनवरून कळतं. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या या ५०० सीसी व्ही-ट्विनमध्ये त्यांनी आपले देखणे बेव्हल गिअर स्वतःच काढून टाकले. त्या जागी आले रबरी दातेरी पट्टे. स्वस्त, शांत, बसवायला सोपे. ९० अंशांची व्ही आणि डेस्मो मात्र तसेच ठेवले. काय सोडायचं आणि काय धरायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं. पांताच्याच वंशातल्या ६०० सीसीच्या गाडीवर टोनी रटर यांनी १९८१ ते १९८४ अशी सलग चार वर्षं टीटी फॉर्म्युला-टूचं जगज्जेतेपद मिळवलं. १९८५ मध्ये काजिवा कंपनीने डुकाटी विकत घेतली, तेव्हा त्या व्यवहारातली खरी दौलत होती हेच इंजिन.

पुढची पिढी आली मास्सिमो बोर्दी यांच्या रूपाने. त्यांनी विद्यापीठातल्या प्रबंधातच सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या डेस्मोची कल्पना मांडली होती. ताल्योनींना चार व्हॉल्व्हचं फारसं पटलेलं नव्हतं, पण बोर्दींची ८५१ आली आणि १९९० मध्ये तिने वर्ल्ड सुपरबाइकचं जगज्जेतेपद आणलं. इथे खरं सांगायला हवं. त्या स्पर्धेच्या नियमांत चार सिलिंडरला ७५० सीसीची मर्यादा होती आणि दोन सिलिंडरला १००० सीसीपर्यंत सूट. इनलाइन फोरवाले आजही या सवलतीवरून टोमणे मारतात आणि त्यात तथ्य आहे. समान सीसीला चार सिलिंडर जास्त ताकद काढतात, हे नियम बनवणाऱ्यांनीही मान्य केलंच होतं. पण गंमत अशी, की २००० मध्ये ती स्पर्धा जिंकायला खुद्द होंडाने दोन सिलिंडरची गाडी बनवली. तीही ९० अंशांची व्ही-ट्विन!

ठोका शिल्लक आहे

तीस वर्षांहून अधिक काळ डुकाटीची इंजिनं कागदावर उतरवून ताल्योनी निवृत्त झाले. त्यांना ऑर्किड फुलांचा मोठा नाद होता. १८ जुलै २००१ रोजी ते गेले.

आज डुकाटीची सर्वात तेज गाडी चार सिलिंडरची आहे. २०१८ मध्ये आलेल्या या पानिगाले व्ही-फोरचं नाव बॉम्ब पडलेल्या त्या फॅक्टरीच्या भागावरून आलंय. काही नव्या इंजिनांतून तर डेस्मोही गेलंय, कारण आताच्या स्प्रिंगा तुटत नाहीत. कागदावरची लढाई चारांनी जिंकली, असं खुशाल म्हणा.

मग दोनचं काय राहिलं? तो लंगडा ठोका राहिला. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये एक स्फोट झाल्यावर क्रँक २७० अंश फिरला की दुसरा होतो आणि त्यानंतर ४५० अंशांची लांब विश्रांती. रेसर सांगतात की याच विश्रांतीत मागच्या टायरला रस्ता पुन्हा पकडायला उसंत मिळते आणि थ्रॉटल हातात जिवंत लागतो. हा ठोका इतका हवाहवासा वाटला, की कंपन्या आता पॅरलल ट्विनचा क्रँकच २७० अंशांत वळवून तो मिळवतात. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५०मध्येही हेच केलंय. आपल्या गल्लीतल्या कुणा ताईच्या किंवा दादाच्या इंटरसेप्टरमध्ये सिलिंडर शेजारी शेजारी आहेत, व्ही कुठेच नाही. पण ठोक्यांमधलं अंतर मोजलं, तर ते ताल्योनींच्या व्ही-ट्विनएवढंच भरतं.